शिकायचं दार, राहायचं दार : अमेरिकेला गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांचा इतिहास

आजचा विषय तसा प्रत्येकाच्या घरातला आहे. इथे सभागृहात बसलेल्या आणि ऑनलाइन ऐकणाऱ्या मंडळींपैकी बहुतेकांचं कुणी ना कुणी अमेरिकेत असतं. भाचा असतो, पुतणी असते, नाहीतर शेजारच्यांचा मुलगा असतो. त्यांच्याबद्दल बोलताना आपली दोन वाक्यं ठरलेली आहेत. परत आला तर "मातीची ओढ हो, म्हणून आला." राहिला तर "तिकडचाच झाला, आता कसला येतोय!" म्हणजे परत येणं किंवा तिथेच राहणं हा आपण माणसाच्या स्वभावाचा, संस्कारांचा प्रश्न मानतो.

स्वभावाचा भाग असतोच. पण इतिहासाची कागदपत्रं बघितली तर आणखी एक गोष्ट ठळकपणे दिसते. अमेरिकेत शिकायला जायचं दार आणि अमेरिकेत राहायचं दार ही दोन वेगळी दारं आहेत. पहिलं बहुतेक काळ उघडं होतं. दुसरं कधी घट्ट बंद, कधी किलकिलं, कधी एकदम सताड उघडं. कुठल्या पिढीतली माणसं परत आली आणि कुठल्या पिढीतली राहिली, हे पुष्कळदा या दुसऱ्या दारानं ठरवलं. आज आपण हा सव्वाशे-दीडशे वर्षांचा प्रवास तारखांच्या आधारानं बघू.

सुरुवात अर्थातच आनंदीबाई जोशींपासून. गोपाळराव पोस्टात नोकरीला, बायकोला शिकवण्याचा त्यांना ध्यास. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचा निश्चय त्या दुःखातून झाला, हे आपल्याला माहीत आहे. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापलं गेलं, न्यू जर्सीच्या रोझेल गावातल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते वाचलं आणि या अनोळखी मुलीला घरी यायचं आमंत्रण दिलं. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपण का जातोय ते सांगितलं. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द दिला. एप्रिलमध्ये बोटीवर चढल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. नवरा बरोबर नाही. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये शिकून ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

आता त्याच्या आदल्या वर्षी, १८८२ मध्ये अमेरिकेत काय झालं ते बघा. चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा झाला, आणि चिनी माणसाला नागरिकत्व देऊ नये असंही त्यात लिहिलं गेलं. पण विद्यार्थी, शिक्षक, व्यापारी आणि प्रवासी यांना त्यातून सूट होती. ही सूट नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक कायद्यात ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे. आशियातला मजूर नको, आशियातला विद्यार्थी चालेल. विद्यार्थी म्हणजे पाहुणा. तो येणार, शिकणार, चार चांगले शब्द बोलणार आणि आपल्या देशात जाऊन अमेरिकेचं नाव काढणार.

आनंदीबाईंना हा कायदा लागू नव्हता, त्या चिनी नव्हत्या. पण त्यांच्याकडे तिथे बघितलं गेलं ते पाहुणी म्हणूनच. कॉलेजच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी खूप आपुलकी दाखवली, कार्पेंटरबाईंना तर त्या मावशी म्हणत. आपुलकी खरी होती. थंडीही खरी होती, धूर कोंडणारी खोली खरी होती आणि खालावत गेलेली तब्येतही खरी होती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूक ठरली होती. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. बाविसावं वर्षसुद्धा पुरं झालेलं नव्हतं. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही आहेत. आपल्या पहिल्या विद्यार्थिनीला तिथे कायमची जागा मिळाली, ती ही अशी.

रमाबाईंचा प्रवास वेगळा. त्या १८८६ ते १८८८ अशी जवळजवळ तीन वर्षं अमेरिकाभर फिरल्या, व्याख्यानं दिली, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या नावानं रीतसर संस्था निघाली. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केलं. राज्यव्यवस्था, शिक्षण, बायकांची स्थिती असं सगळं त्यात आहे, आणि तिथल्या वर्णभेदाकडेही त्यांचा डोळा गेला आहे. तिथे राहायचं त्यांच्या मनातच नव्हतं. त्यांना तिकडचं इकडे आणायचं होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र चित्र गुंतागुंतीचं होतं. तीन माणसं घेऊ.

श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ मध्ये अमेरिकेला गेले. कॉर्नेल विद्यापीठातून १९११ मध्ये पीएच.डी. झाले. जातिसंस्थेच्या इतिहासावरच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९०९ मध्ये तिकडेच, इथाका गावात छापला गेला. परत येऊन त्यांनी ज्ञानकोशाचं अफाट काम केलं, म्हणून आपण त्यांना ज्ञानकोशकार म्हणतो.

दुसरे पांडुरंग खानखोजे, वर्ध्याचे. शेतकी शिकायला ओरेगनला आणि पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनला गेले. त्या किनाऱ्यावर पंजाबातून आलेले हजारो मजूर लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेवर आणि शेतांत राबत होते. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावानं या मजुरांना घरांतून ओढून, मारहाण करून गावाबाहेर हाकललं होतं. खानखोजे विद्यार्थी, म्हणजे सूट असलेल्या वर्गातले. पण त्यांनी मजुरांशी नातं जोडलं, आणि त्यातूनच ते गदर चळवळीच्या पहिल्या फळीत आले. परिणाम काय झाला? इंग्रजांच्या राज्यात परतीची वाट बंद. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोचले, चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले, मक्याच्या सुधारित जातींवर काम केलं. दिएगो रिवेरा या चित्रकारानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. भारत स्वतंत्र झाल्यावर ते आले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. हा माणूस परत का आला नाही, असा प्रश्न १९३० साली कुणी विचारला असता तर उत्तर एवढंच होतं : येऊ दिलं नाही म्हणून.

तिसरे बाबासाहेब आंबेडकर. जुलै १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत तीन वर्षं आणि करार असा, की परत येऊन बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची. सेलिग्मन, ड्यूई अशा शिक्षकांच्या हाताखाली शिकले. अस्पृश्यतेच्या जाचाशिवायचं रोजचं जगणं म्हणजे काय, ते त्यांनी तिथे अनुभवलं. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्या निबंधात ते केतकरांच्या व्याख्येची चर्चा करतात, आणि हिंदू लोक जगभर गेले तर जातही त्यांच्याबरोबर जगाचा प्रश्न होईल, हा केतकरांचा इशाराही नोंदवतात. बघा, एक कॉर्नेलला शिकलेला, एक कोलंबियाला. दोघंही जातीचा अभ्यास अमेरिकेत बसून करतात आणि दोघांनाही कळतं, की माणूस बोटीवर चढतो तेव्हा ट्रंकेत हेही सामान असतं. बाबासाहेब परतले ते बडोद्याच्या करारानं बांधलेले. त्या बडोद्यात १९१७ मध्ये त्यांना राहायला घर मिळालं नाही, हे आपण सगळे जाणतो. न्यूयॉर्कला खोली मिळत होती.

त्याच वर्षी, १९१७ मध्ये, अमेरिकेनं नवा कायदा केला. नकाशावर आशियाचा एक मोठा पट्टा आखून त्यातल्या लोकांना बंदी केली. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. सूट कुणाला? वैद्य, वकील, धर्मगुरू, व्यापारी, प्रवासी. आणि विद्यार्थी. आपली जुनी ओळखीची यादी.

मग १९२३ साल. नागरिकत्वाचा अमेरिकन कायदा १७९० चा होता. 'मुक्त गोरी माणसं' एवढ्यांनाच नागरिक होता येईल, असं तो म्हणायचा. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची त्यात भर पडली. आशियातल्यांचं काय? हिंदी माणूस गोरा धरायचा की नाही? काही न्यायालयं हो म्हणत, काही नाही. भगतसिंग थिंड १९१३ मध्ये आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झालेले. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. युक्तिवाद असा होता, की वंशशास्त्राप्रमाणे आपण आर्य, कॉकेशियन, म्हणून गोरे. न्यायालयानं १९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल दिला : शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. थिंड हरले.

या युक्तिवादाकडे आज बघताना जरा अवघडल्यासारखं होतं. वंशभेद चुकीचा आहे असं तो म्हणत नव्हता. आम्हाला वरच्या पंक्तीत घ्या, असं म्हणत होता. उच्च जातीचा दाखलाही त्यासाठी पुढे केला गेला. केतकरांचा इशारा इतक्या लवकर, आणि असा खरा ठरला.

निकालानंतर सरकारनं ज्यांना आधीच नागरिकत्व दिलं होतं तेही काढून घ्यायला सुरुवात केली. पन्नासहून अधिक माणसांचं गेलं. वैष्णोदास बगाई हे पेशावरचे. १९१५ मध्ये बायको कला आणि तीन मुलं घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आले, दुकान थाटलं, १९२१ मध्ये नागरिक झाले. दोन वर्षांत सगळं उलटलं. नागरिकत्व गेलं, पाठोपाठ मालमत्तेचे हक्क अडचणीत आले, आणि भारतात जाऊन यायला अमेरिकन पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. घर नाही, देश नाही, अशी त्यांची अवस्था त्यांच्या शेवटच्या पत्रात उतरली आहे. कलाबाईंनी मुलं वाढवली. बर्कलीत घर घेतलं तेव्हा शेजाऱ्यांनी या कुटुंबाला घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. आज त्याच बर्कलीत एका रस्त्याला कला बगाईंचं नाव आहे.

या अंधारात एक माणूस कायद्यानंच लढला. त्याचं नाव आपल्या कानाला अगदी ओळखीचं वाटेल : सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, कॅलिफोर्नियात वकिली. थिंड यांची बाजू मांडणारे वकील हेच. सरकारनं मग त्यांच्याच नागरिकत्वावर घाला घातला. पंडितांनी गोरेपणाचा मुद्दा या वेळी बाजूला ठेवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं : नागरिकत्व मला न्यायालयानं दिलं, सरकारनं तेव्हा अपील केलं नाही. त्या भरवशावर मी वकिलीची सनद घेतली, घर केलं, लग्न केलं. आता निकाल फिरवणं अन्याय आहे. १९२६ मध्ये ते अपिलात जिंकले, आणि नंतर सरकारनं असे उरलेले खटले सोडून दिले. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव नाही. असायला हवं.

१९२४ च्या कायद्यानं गाठ आणखी आवळली. ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना कायमचं राहायलाही येता येणार नाही. विद्यार्थ्याला मात्र येता येईल, 'केवळ शिक्षणासाठी'. धर्मानंद कोसंबी गोव्याच्या सांखवाळचे, बौद्ध ग्रंथांच्या कामासाठी हार्वर्डला जात. १९१८ मध्ये त्यांनी मुलाला बरोबर नेलं. तो मुलगा म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते परत आले आणि बनारसला शिकवू लागले. देशाची ओढ त्यांना होतीच. पण ज्या अमेरिकेतून ते निघाले, तिथे त्यांना नागरिक होणं कायद्यानं शक्यच नव्हतं, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

आणि जो विद्यार्थी तरीही राहिला त्याचं काय झालं? दलीपसिंग सौंद १९२० मध्ये बर्कलीला शिकायला आले. गणितात एम.ए. आणि पीएच.डी. केली. नोकरी? कुणी देईना. गणिताचा हा डॉक्टर इंपीरियल व्हॅलीत कापूस वेचणाऱ्या टोळीचा मुकादम झाला, पुढे शेती करू लागला. कॅलिफोर्नियाचा कायदा असा, की जो नागरिक होऊ शकत नाही त्याच्या नावावर शेतजमीन होणार नाही. सौंद आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं वॉशिंग्टनला खेटे घातले. २ जुलै १९४६ ला कायदा झाला : हिंदी माणसाला नागरिक होता येईल, आणि वर्षाला शंभर हिंदी लोकांना स्थायिक व्हायला येता येईल. चाळीस कोटींच्या देशातून शंभर! तरी दार किलकिलं झालं. सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. तिथे पोचलेला पहिला आशियाई माणूस.

आता दार सताड उघडतं ते १९६५ मध्ये. ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली. वंशावर बेतलेली जुनी कोष्टकं गेली, दर देशाला वर्षाला वीस हजारांपर्यंत जागा आल्या, आणि डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ यांना प्राधान्य मिळालं. त्याच वर्षी वृद्धांसाठी मेडिकेअरचा कायदा झाला, दवाखान्यांना डॉक्टर हवे होते. इकडे आपल्याकडे नवी इंजिनियरिंग कॉलेजं आणि मेडिकल कॉलेजं मुलं तयार करत होती, पवईची आयआयटी १९५८ मध्ये सुरू झाली होती. दोन्ही गोष्टी जुळल्या. मुलगा एम.एस. ला गेला, नोकरी लागली, ग्रीन कार्ड झालं, लग्नाला दोन आठवडे आला, बायको गेली, मग भाऊ, मग आईवडील उन्हाळ्यापुरते. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, गावोगावची मराठी मंडळं त्याखाली आली. गणपती बसू लागले, नाटकं नेली जाऊ लागली.

याच काळात इकडे 'ब्रेन ड्रेन' हा शब्द आला. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' मधले मुलाची वाट बघणारे म्हातारे आईबाप प्रत्येकाला आपल्या ओळखीचे वाटले. ते दुःख खोटं नव्हतं. पण आधीची पिढी त्यागी आणि ही पिढी स्वार्थी, असा जो निष्कर्ष आपण काढला तो तपासायला हवा. आधीच्या पिढीला राहायचा पर्यायच फारसा नव्हता. ज्याला दुसरं दार दिसलंच नाही, त्यानं ते नाकारलं असं कसं म्हणणार?

दुसऱ्या बाजूची गोष्टही तपासायला हवी. "खिशात आठ डॉलर घेऊन आलो", असं त्या पिढीतले अनेक जण सांगतात. परकीय चलनावर सरकारचे निर्बंध होते, तेव्हा खिसा रिकामा होता हे खरं. पण दुसऱ्या खिशात पदवी होती, आणि ती बहुतेक सरकारी पैशातून चालणाऱ्या कॉलेजची होती. त्या कॉलेजपर्यंत तेव्हा कोण पोचत होतं? बहुतांश शहरातली, वरच्या जातींतली मुलं. १९६५ च्या कायद्यानं भारतातून ज्यांना निवडलं, त्यांना आपल्या समाजानं आधीच एकदा निवडलेलं होतं. मेहनत त्यांनी केली, यात शंका नाही. पण तिकडे दिसणारं यश फक्त मेहनतीचं आहे असं म्हटलं, की ज्यांना मेहनत करायला बाकच मिळाला नाही ते दिसेनासे होतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला बंदी करणारा ठराव केला. केतकरांनी १९०९ च्या ग्रंथात जे लिहिलं, ते एका अमेरिकन नगरपालिकेच्या दप्तरात जायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

शेवटी आजकडे येऊ. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. तेव्हा त्यांनी चीनलाही मागे टाकलं. म्हणजे पहिलं दार कधी नव्हे इतकं रुंद. आता दुसरं बघा. व्हिसाच्या खिडकीशी विद्यार्थ्याला आजही पटवून द्यावं लागतं, की शिक्षण संपल्यावर मी परत जाणार आहे. घरी मात्र बापानं कर्ज काढलेलं असतं आणि ते डॉलरमधल्या नोकरीशिवाय फिटणार नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. शिक्षणानंतर काही काळ कामाची मुभा, मग एच-वन-बी. त्याच्या जागा वर्षाला ६५ हजार आणि तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, त्यासाठी सोडत. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं साऱ्या जगाला मिळून वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्क्यांच्या वर नाहीत. जन्म कुठे झाला यावर रांग ठरते. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दशकांत मोजावी लागते. त्या रांगेत घर होतं, मुलांच्या शाळा होतात, आणि मूल एकवीस वर्षांचं झालं की आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतं. एच-फोरवर गेलेल्या बायकांना तर २०१५ पर्यंत नोकरीच करता येत नव्हती. त्यानंतरही ज्यांच्या नवऱ्याची फाईल पुढे सरकली त्यांनाच परवानगी. एम.ई., एम.डी. झालेल्या मुली स्वयंपाकघरात बसल्या. आनंदीबाई नवऱ्याला मागे ठेवून शिकायला गेल्या होत्या. त्यांच्या नाती-पणत्या शोभतील अशा या मुली नवऱ्याबरोबर गेल्या आणि शिक्षण पेटीत ठेवून बसल्या.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. तुमच्या घरातला कुणी परत आला, तर त्याच्या व्हिसाचं काय झालं हे एकदा शांतपणे विचारा, कदाचित त्याला ते सांगायचं असेल. आईच्या आजारपणात कुणी आला नाही, तर त्याचे कागद त्या वेळी कुठे अडकले होते हेही विचारा. कायद्याचं वर्ष आणि माणसाचं वर्ष शेजारी शेजारी मांडलं, की बरेच कडू शब्द बोलायची गरज उरत नाही. आणि जे आज जायची तयारी करताहेत त्यांनी विद्यापीठांच्या क्रमवारीइतकाच या दुसऱ्या दाराचाही अभ्यास करावा. पहिल्या दारावर 'सुस्वागतम्' लिहिलेलं असतंच, ते १८८२ पासून आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. ऑनलाइन असलेल्यांनी लिहून पाठवा.